१३ रुपयांची खोली

खिशातलं ते सोनेरी कार्ड आधी घरी ठेवा. साठवलेले पॉइंट्स, मोफत नाश्ता, खोली उशिरा सोडायची सवलत, यातलं काहीही तुम्ही निघालात तिथे चालणार नाही. हॉटेलांनी असल्या योजना काढल्या त्या १९८३ साली, अमेरिकेत. आपल्याला उतरायचंय त्याच्या ८० वर्षं आधी, १९०३ च्या डिसेंबरात. मुक्काम मुंबईला, अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलात. आणि गाडी धरायची मोहोळ स्टेशनातून.

धोतर नेसा, लांब कोट घाला, डोक्याला पागोटं हवंच. बाईमाणूस असाल तर नऊवारीवर जाड शाल घ्या, रात्री लागेल. कमरेला पैशांचा कसा बांधा आणि गाठ दोनदा तपासा. नोटा विसरा. चांदीचे रुपये आहेत, काहींवर राणीचा मुखडा, काहींवर नव्या राजाचा. वीसेक रुपये कमरेला लावून चालून बघा. श्रीमंती हाडांना टोचते म्हणजे काय ते कळेल.

हुरड्याचे दिवस आहेत. गाव सोडताना बांधाबांधावरून आगटीचा धूर येतोय. गोवऱ्यांवर खरपूस झालेली ज्वारीची कणसं कुणीतरी तळहातावर चोळतंय, फुंकर मारतंय आणि ते गरम, हिरवे, दुधाळ दाणे तुमच्या ओंजळीत ओततंय. खाऊन घ्या. पुढे शहरात पंधरा पदार्थांचं जेवण वाट बघतंय, पण त्यात ही चव नाही. शिदोरीत कडक भाकरी आणि कारळ्याची चटणी आहे ना? फडकं घट्ट बांधा, चटणीचं तेल सुटतं.

गाडी येते ती आधी पायांना कळते. फलाट थरथरतो, मग कोळशाचा कडवट वास, मग वाफेचा ओला गरम फटकारा थेट तोंडावर. आणि लगेच झुंबड. तिसऱ्या वर्गाच्या दाराशी पोती, बोचकी, कोंबड्या, पोरं, म्हातारे एकदमच आत घुसतात. तुमच्या पायावर कुणाचातरी पितळी हंडा आपटतो. "सरका की जरा!" असं दोन्ही बाजूंनी ऐकू येतं आणि सरकायला जागा दोन्ही बाजूंना नसते. लाकडी बाक. घासलेटचा मिणमिणता दिवा. डब्यात संडास नाही, त्यामुळे पाणी बेताने प्या आणि गाडी मोठ्या स्टेशनात थांबली की लाजू नका, पळा.

शेजारी एक वारकरी जोडपं आहे. पंढरपूरहून बैलगाडीने मोहोळला आलेलं, अजून धुळीने माखलेलं. म्हातारबांच्या कपाळावरचा बुक्का घामाने ओघळलाय. तुम्ही भाकरी सोडता, आजी न विचारता तुमच्या भाकरीवर कांदा ठेवतात आणि गप्पा सुरू होतात. उतरला होता कुठे? "कुठे म्हणजे? आमच्या उपाध्यांच्या वाड्यात," म्हातारबा म्हणतात, जणू दुसरीकडे कुठे उतरता येतं हेच त्यांना ठाऊक नाही. दारात पाय ठेवल्याठेवल्या उपाध्ये गावाचं नाव विचारतात, लाल कापडात गुंडाळलेली वही सोडतात आणि तुमच्या पणजोबाचं नाव वाचून दाखवतात. कोणत्या सालच्या वारीला आले होते, सोबत कोण होतं, दक्षिणा काय दिली, सगळं वहीत. मग ओसरीचा तोच कोपरा मिळतो, जिथे आजोबा झोपले होते.

आता तुम्हीच सांगा, यात आणि तुमच्या सोनेरी कार्डात फरक तो काय? माझ्या मते वही वरचढ. तुमचे पॉइंट्स ठरावीक मुदतीनंतर बाद होतात. तिथे खापरपणतूपर्यंत चालतात.

बार्शी रोड येतं, म्हणजे तुमचं कुर्डुवाडी. इथे बार्शीहून येणाऱ्या छोट्या गाडीचे उतारू चढतात आणि बसायची उरलीसुरली जागाही संपते. कापसाचे तंतू सगळीकडे उडतायत, नाकात जातात, आजी शिंकतात. पुढची रात्र खांद्याखांद्यांवर डोकी टेकत जाते. कुणीतरी चिलीम पेटवतं, कुणीतरी अभंगाची चाल गुणगुणत राहतं. एक बाप दोन पोरांना घेऊन गिरणीत काम शोधायला निघालाय. गेल्या दुष्काळानंतर शेत हाताला उरलं नाही, एवढंच सांगतो आणि खिडकीकडे वळतो.

पहाटे खंडाळ्याच्या उतारावर गाडी थांबते आणि उलटी चालू लागते. घाबरू नका, परत मोहोळला नेत नाहीयेत. बोरघाटात एका ठिकाणी गाडीला दिशा बदलून, शेपटीचं तोंड करून खाली उतरावं लागतं. ब्रेकचा जळका वास डब्यात भरतो आणि कानांना दडे बसतात. कर्जतला वडा शोधू नका, तो अजून यायचाय.

बोरीबंदर. फलाटावर उतरताच अंगाला चिकट, कोमट हवा लपेटते. घाटावरची कोरडी थंडी कुठल्याकुठे जाते आणि शाल ओझं होते. बाहेर घोड्यांच्या ट्रामच्या घंटा, हमालांच्या हाका, ओल्या लिदीचा उग्र वास. व्हिक्टोरियावाला तुमचं पागोटं पाहून "घाटी" असं ओळखतो आणि त्या हिशेबाने भाडं सांगतो. बसा, नंतर भांडू. दक्षिणेला जाताना कुलाब्याच्या बाजूने कापसाच्या गाठी लादलेल्या बैलगाड्यांची रांग लागते. तिथेच कॉटन ग्रीन आहे, कापसाचा बाजार. ज्याचे तंतू रात्रभर तुमच्या नाकात गेले तो बार्शीचा कापूस कदाचित तुमच्याआधी पोचलाय.

गेटवे शोधताय? नाही सापडणार. नुसतं बंदर आहे, होड्या आहेत, खारा वारा आहे. आणि समोर ते. करड्या दगडाचं, एवढं मोठं की मान आपोआप मागे जाते आणि पागोटं सावरावं लागतं. पण गाडी समुद्राच्या बाजूला थांबतच नाही. वळसा घालून शहराच्या अंगाला जाते, कारण दर्शनी दार तिकडे आहे. पुढे काही वर्षांनी लोक म्हणणार आहेत की हॉटेल चुकून उलटं बांधलं. म्हणू देत. अशा मांडणीने खोल्यांना समुद्राचा वारा मिळतो, हे साधं शहाणपण आहे.

वर पहा. घुमट अजून पुरता झालेला नाही. १६ डिसेंबरला दारं उघडली तेव्हा एकच बाजू तयार होती आणि पहिले पाहुणे होते १७. चुन्याचा, ओल्या लाकडाचा, नव्या रंगाचा वास सगळीकडे दरवळतोय. कुठेतरी छिन्नी चालू आहे. नकाशे काढणाऱ्यांपैकी एक आपला मराठी माणूस, रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. काम पुरं झालेलं पाहायला ते राहिले नाहीत, चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते तडीस नेलं.

आत शिरा. लाज वाटतेय धुळीच्या पायांची? वाटू द्या, संगमरवर गार आहे. मेजामागचा साहेब तुमच्याकडे पाहतो. सवयीने तुमच्या तोंडातून निघतं, "मी मेंबर आहे." कशाचा, असं तो भुवईनेच विचारतो. आणि मग गंमत ध्यानात येते: या हॉटेलात जुनं गिऱ्हाईक नावाचा प्राणीच अजून जन्मलेला नाही. हॉटेल पंधरा दिवसांचं आहे. राजा असो की मोहोळचा खातेदार, आज दारातून आत येणारा प्रत्येकजण नवखाच. मालक जमशेटजी टाटांनी गिरण्यांत मिळवलेला पैसा इथे ओतलाय आणि गावात लोक म्हणतायत की हा पांढरा हत्ती आहे. तेव्हा कसा सोडून मेजावर रुपये वाजवा. साहेबाचा चेहरा बदलतो.

खोली १० रुपयांना. पंखा आणि खोलीतच न्हाणीघर हवं असेल तर १३. म्हणजे २०८ आणे. मोहोळच्या रानात दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला दिवसाला दोन-तीन आणे मिळतात. हिशेब करत बसू नका, झोप लागणार नाही. तीन रुपये जास्त देऊन पंखा घ्या. आजच्या भाषेत हेच तुमचं अपग्रेड, फक्त कुणी फुकट देत नाही.

लोखंडी जाळीच्या पेटीत तुम्हाला उभं करतात, जाळी खडखडत बंद होते आणि जमीन खाली जाऊ लागते. पोटात गोळा येतो. ही लिफ्ट जर्मनीहून आलीय, पंखे अमेरिकेतून, वाढपी साहेबलोक विलायतेतून. खाली तुर्की पद्धतीचं स्नानगृहही आहे. जगभरातून माल आलाय, आणि हे सगळं अंगमेहनतीने चालवणारा माणूस मात्र कोकणातला किंवा गोव्याचा. तुमच्या खोलीवरचा बॉय मालवणकडचा आहे. तो पाण्याचा तांब्या ठेवतो, तुमच्या बोलण्याचा हेल ऐकतो आणि साहेबी इंग्रजी टाकून विचारतो, "तुमी खंयचे?" मोहोळ त्याला माहीत नाही. पंढरपूर म्हटल्यावर हात जोडतो.

आता ते बटण दाबा. भिंतीवरचं, पितळेचं. दिवा लागतो. धूर नाही, वास नाही, काजळी नाही, वात सारायची नाही. पुन्हा दाबा, विझतो. बॉय हसतो, गेले पंधरा दिवस येणारा प्रत्येकजण हेच करतोय, आणि पहिल्या दिवशी त्यानेही केलं होतं. सगळ्या मुंबईत विजेने उजळलेल्या इमारती अजून मोजक्याच. रस्त्यावर गॅसचे दिवे, चाळींत घासलेटच्या चिमण्या आणि इथे खोलीखोलीत भगभगीत उजेड. अंधार पडला की बंदरावर हवा खायला आलेली माणसं नुसती खिडक्यांकडे बघत उभी राहतात. पंखा फिरू लागतो. काल रात्री ज्या घामाने अंग आंबलं होतं तो वाळताना खांद्यांवर काटा येतो. नळ सोडलात की पाणी येतं. विहीर नाही, रहाट नाही, पोहरा नाही. आंघोळ लवकर आटपणार नाही तुमची, ठाऊक आहे मला.

जेवणाची घंटा होते. भोजनगृहात काळे कोट, उघडे गोरे खांदे, अत्तर, सिगार, चांदीच्या काट्यांची किणकिण. ती भांडी घासायला, चांदी झळकवायला खाली यंत्रं आहेत, सोडावॉटरच्या बाटल्याही इथेच भरतात. ताटलीत काहीतरी तपकिरी रश्श्यात तरंगतंय आणि त्याचं नाव फ्रेंच आहे. थांबा. हात लावण्याआधी विचार करा. पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर गहजब झाला त्याला अजून पंधरा वर्षंही झाली नाहीत. इथे जेवलात हे मोहोळला कळलं तर पंगतीतून उठवतील. मी सांगू? सोडावॉटर घ्या, बर्फ टाकून. नाकात झिणझिण्या येतील, डोळ्यांत पाणी येईल, मजा येईल. मग खोलीवर जाऊन कडक भाकरी मोडा.

तेच करता तुम्ही. संगमरवरी मेजावर फडकं सोडता आणि कारळ्याच्या चटणीचा, लसणाचा वास विलायती साबणाच्या वासावर मात करतो. बॉय दार लोटून डोकावतो, "काय तां?" अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवा. तो दाराआड उभ्याउभ्याच खातो, तिखटाने हाऽऽ करतो आणि वर अजून मागतो. उद्यापासून त्याच्या लेखी तुम्ही 'चटणीवाले साहेब'. इथे नोंद ठेवायला लाल कापडातली वही नाही, पण त्याची जीभ आहे. आणि बक्षिसीचे आठ आणे. त्यातलं जास्त काय लक्षात राहील, हे मी पैजेवर सांगत नाही.

सकाळी खाली येता तो दिवाणखान्यात रणधुमाळी. कुठल्याशा संस्थानाचा लवाजमा थडकलाय. पेट्यांवर पेट्या, हुक्के, पलंगाच्या गाद्या, स्वतःचा आचारी, आचाऱ्याची भांडी, भांड्यांवर बसवलेला शिपाई. घोडे बाहेर खिंकाळतायत, कारभारी ओरडतोय, लिफ्टची जाळी पेट्यांनी अडकलीय आणि मेजामागचा साहेब घामाघूम. काल तुमच्याकडे बघून हसणारे हॉटेलातले तिघेजण तुम्हाला कोपराने बाजूला सारतात. बिल द्यायला उभे आहात म्हणून सांगता, कुणी ऐकत नाही. शेवटी मालवणचा तो पोऱ्या गर्दीतून वाट काढतो, तुमचं बोचकं डोक्यावर घेतो, बिलाचा कागद साहेबाच्या नाकापुढे धरतो आणि तुम्हाला मागच्या जिन्याने बाहेर काढतो.

उन्हात व्हिक्टोरिया उभी आहे. कालचाच गाडीवाला. पागोट्याकडे बघतो, बोरीबंदरचं भाडं सांगतो आणि कालच्यापेक्षा दोन आणे चढवून सांगतो, कारण आता तुम्ही ताजमधून बाहेर पडताय. निम्म्यावर या. तो शपथा घालेल, घोड्याच्या पोटाकडे बोट दाखवेल. ऐकू नका, चार पावलं चालायला लागा, मागून हाक मारेल.