रद्दी, दुर्मिळता आणि मराठी 'इंद्रजाल'

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून एखाद्या अभ्यासकाला तेराव्या शतकातील महानुभावीय गद्य वाचावयाचे असेल, तर त्याची फारशी अडचण होत नाही. 'लीळाचरित्रा'च्या छापील आवृत्त्या आहेत, त्याच्या पाठांची चिकित्सा झालेली आहे, आणि हस्तलिखितेच पाहावयाची म्हटली तर यवतमाळचा शारदाश्रम किंवा अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर ही ठिकाणे काही दूर नाहीत. याच अभ्यासकाने सत्तरच्या दशकातील मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स'चा एखादा विशिष्ट अंक पाहण्याचे मनात आणले, तर कोठे जावे येथपासूनच त्याला प्रश्न पडतो. सात शतकांपूर्वीचे वाङ्मय हाताशी आहे आणि पन्नास वर्षांपूर्वी नाक्यावरच्या दुकानात टांगलेले वाङ्मय नाहीसे झाले आहे. या विसंगतीची काही संगती लावता येते का, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

महानुभावांच्या पोथ्या टिकल्या त्या मुख्यतः त्या सर्वांना उपलब्ध नव्हत्या म्हणून. त्या सांकेतिक लिपींत बंदिस्त होत्या, मठांत पूजनीय मानल्या जात होत्या आणि श्रद्धेने पुनःपुन्हा नकलून काढल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीची उकल केली, य. खु. देशपांडे यांच्यासारख्यांनी यवतमाळात राहून संशोधन केले, आणि मग हे वाङ्मय विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत आले. 'इंद्रजाल'चे नेमके उलट झाले. ते कोणालाही मिळत होते, म्हणून कोणीच ते जपले नाही, असे उत्तर सहज सुचते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. अमेरिकेतही कॉमिक्स कोणालाही मिळत होते आणि तेथेही ते पोरासोरांचे वाचन म्हणून तुच्छच लेखले जात होते. तरीही तेथे ते सापडते. येथे सापडत नाही.

आधी थोडा तपशील. टाइम्स ऑफ इंडियाचे प्रकाशन करणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. ली फॉक याने १९३६ साली निर्माण केलेल्या फँटमची कथा पहिल्या अंकात होती आणि अंकाची किंमत होती साठ पैसे. हा नायक भारतीय वाचकाला अगदीच अपरिचित नव्हता; 'इलस्ट्रेटेड वीकली'च्या पानांवर तो चाळीसच्या दशकातच येऊन गेला होता. परंतु वीकलीचा इंग्रजी वाचक आणि 'इंद्रजाल'चा वाचक यांत फार अंतर होते. ही माला इंग्रजीबरोबरच हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा अनेक भाषांतून निघाली. मासिकाची पाक्षिक झाली, पुढे साप्ताहिक झाली आणि १९९० मध्ये बंद पडली. फँटमच्या जोडीला मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, आणि १९७६ साली आबिद सुरती यांचा 'बहादूर' आला. चंबळच्या डाकूंच्या पार्श्वभूमीवर वावरणारा हा नायक या मालेतील अस्सल देशी पात्र होय. सव्वीस वर्षांत आठशेच्या घरात अंक निघाले. त्या काळातील कोणत्याही मराठी वाङ्मयीन नियतकालिकाला हेवा वाटावा असा हा पसारा होता.

आता अमेरिकेकडे वळू. १९३८ साली दहा सेंटांना विकल्या गेलेल्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये साठ लाख डॉलरांना गेली. १९३९ च्या 'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाच्या एका प्रतीला २०२५ मध्ये नव्वद लाखांहून अधिक डॉलर मिळाले. ही प्रत एका घराच्या माळ्यावर जुन्या कागदांत पडून होती. हे आकडे वृत्तपत्रांना आवडतात, आपल्याला त्यांचे तितकेसे कौतुक असण्याचे कारण नाही. मात्र 'माळ्यावर पडून होती' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत युद्धकार्यासाठी जुना कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि त्यांत मुलांनी आपली कॉमिक्स उत्साहाने देऊन टाकली. तीस-चाळीसच्या दशकांतील अंक आज दुर्मिळ असण्याचे हे एक मोठे कारण मानले जाते. म्हणजे युद्धाच्या चार वर्षांत कागदाला किंमत आली आणि कॉमिक्स नष्ट झाली. एरवी कागदाला किंमत नव्हती, म्हणून ती माळ्यावर राहून गेली.

मायकेल थॉम्पसन या इंग्रज अभ्यासकाने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या 'रबिश थिअरी' या ग्रंथात मूल्यपरिवर्तनाची एक उपपत्ती मांडली आहे. वस्तूंचे दोन प्रकट वर्ग असतात. एका वर्गातील वस्तूंचे मूल्य दिवसागणिक घटत जाते, दुसऱ्या वर्गातील वस्तूंचे वाढत जाते. पहिल्या वर्गातून थेट दुसऱ्यात जाता येत नाही. मधे एक अदृश्य प्रदेश असतो: कचऱ्याचा. तेथे वस्तूला काहीच मूल्य नसते आणि म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही नसते. या दुर्लक्षाच्या काळात जी टिकते तिला कोणी रसिक पुढे शोधून काढतो आणि ती 'पुराणवस्तू' होते. अमेरिकन कॉमिक्सच्या इतिहासाला ही उपपत्ती चपखल लागू पडते. साठच्या दशकात पूर्वीचे बालवाचक मोठे झाले, १९७० मध्ये ओव्हरस्ट्रीटची किंमतसूची निघाली, आणि माळ्यावरचा कचरा संपत्ती ठरला.

थॉम्पसनची उपपत्ती मराठी मुलखात आणली की तिला एका ठिकाणी तडा जातो. आपल्याकडे छापील कागदाला शून्य मूल्याची अवस्था येतच नाही. 'रद्दी' हा शब्द मूळ अरबी. अर्थ टाकाऊ, नाकारलेले. परंतु व्यवहारात रद्दी टाकली जात नाही, विकली जाते. तिला किलोचा भाव असतो, तो वर्षागणिक बदलतो आणि गृहिणीला तो तोंडपाठ असतो. वाचून झालेला अंक निरुपयोगी होत नाही. त्याचा केवळ उपयोग बदलतो. त्याची किराणा दुकानात पुडी होते, शाळेच्या वहीला त्याचे कव्हर चढते, ट्रंकेच्या तळाशी तो अंथरला जातो. 'इंद्रजाल'ची रंगीत पाने वहीच्या कव्हरांसाठी विशेष पसंतीची होती, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल. दुर्लक्षित राहण्याची जी चैन अमेरिकन अंकाला लाभली, ती येथील अंकाला लाभली नाही. युद्धाने तेथे जे चार वर्षे घडवले ते येथे दर महिन्याच्या रद्दीवाल्याने घडवले. मराठी 'इंद्रजाल' दुर्मिळ झाले ते मूल्यहीन होते म्हणून नव्हे. कागद म्हणून त्याला सतत काहीतरी मूल्य होते म्हणून.

तालुक्याच्या गावी आणखी एक गोष्ट घडे. अंक कमी येत आणि वाचणारे पुष्कळ असत. उन्हाळ्याच्या सुटीत दारव्ह्याच्या गल्ल्यांतून पोरे दोरीवर अंक टांगून पाच-दहा पैसे भाड्याने वाचावयास देत. कोणाच्या ओट्यावर बसूनच वाचावे लागे, घरी नेण्याची मुभा नसे. एका अंकाला किती हात लागत त्याची गणती नाही. आधी पिना निखळत, मग मुखपृष्ठ जाई, मग मधले पान. कागद तर लाकडाच्या लगद्याचा, उन्हाने पिवळा पडून कडा मोडणारा. ज्या जिल्ह्यातून शकुंतला रेल्वेने कापसाच्या गाठी मूर्तिजापूरच्या वाटेने मुंबईकडे रवाना होत, त्याच जिल्ह्यात हा कापसाचा लवलेशही नसलेला कागद येई. चिंध्यांच्या लगद्याचा जुना हातकागद शतके टिकतो. हा पंचवीस वर्षांत कुरकुरीत होतो.

दुर्मिळता ही केवळ कागदाच्या गुणावर अवलंबून असती, तर 'अमर चित्र कथा'ही आज दुर्मिळ असती. 'इंद्रजाल'च्याच कामातून बाहेर पडलेल्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाऊसच्या वतीने ती सुरू केली. दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवतांविषयी उत्तरे देता आली आणि रामाची माता कोण हे सांगता आले नाही, ही तिच्या जन्माची कथा सुपरिचित आहे. राम वाईरकर यांचा 'कृष्ण', प्रताप मुळीक आणि दिलीप कदम यांची चित्रे यांमुळे मराठी चित्रकारांचा या मालेतील वाटा ठळक आहे. ही माला पुनःपुन्हा छापली गेली, बांधीव संचांत निघाली, शाळांच्या कपाटांत गेली. आईबापांच्या लेखी ती संस्कार होती आणि 'इंद्रजाल' हा वेळेचा अपव्यय. परिणामी आज 'अमर चित्र कथे'ची कथा कोठेही मिळते. तिची जुनी प्रत हवी असणारे फक्त संग्राहक. 'इंद्रजाल'च्या बाबतीत प्रत गेली की संहिताच जाते. फँटम व मँड्रेक यांचे हक्क अमेरिकेतील किंग फीचर्सकडे. मराठी अंक त्या रूपात पुन्हा छापण्याचे कोणाला कारण नव्हते. वॉल्टर बेंजामिनने यांत्रिक पुनरुत्पादनात कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे म्हटले. येथे पुनरुत्पादन थांबले आणि साठ पैशांच्या छापील प्रतीभोवतीच ते वलय जमा झाले. बेंजामिन स्वतः पुस्तकांचा हौशी संग्राहक होता; त्याला यात गंमत वाटली असती.

संस्थांनी काय केले? शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आणि दाते, काळे व बर्वे यांची 'मराठी नियतकालिकांची सूची' या दोन्ही १९५० च्या उंबरठ्यावर थांबतात. मराठीत चित्रकथेची लाट त्यानंतरची. 'चांदोबा'च मुळी १९५२ चा. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकाने नव्या पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय आदी ठिकाणी पाठवावयाच्या असतात. कॉमिक्सचा अंक नियतकालिकासारखा निघतो, पण त्यात सार्वजनिक वार्ता नसते; कायद्याच्या शब्दांत तो पुस्तकच ठरेल. कोणत्या ग्रंथपालाच्या मनात तो पुस्तक ठरला असता, हा वेगळा प्रश्न. १९६७ च्या ग्रंथालय अधिनियमानंतर गावोगावी वाढलेल्या सार्वजनिक वाचनालयांनी कॉमिक्स घेतली तरी ती बहुधा टेबलावर पडून फाटण्यासाठी. दाखल-नोंदवहीत त्यांना क्रमांक क्वचितच मिळाला. उलट उदाहरणही आहे. बालभारतीचे 'किशोर' १९७१ मध्ये सुरू झाले आणि त्याचे जुने अंक आज बालभारतीने संगणकीय रूपात सर्वांना खुले केले आहेत. प्रकाशक शासकीय होता, हक्क त्याच्याकडेच होते, आणि संपादकांना आपण वाङ्मय प्रसिद्ध करीत आहोत अशी जाणीव होती.

या हानीचे स्वरूप मराठीच्या अभ्यासकाने नीट ओळखले पाहिजे. फँटमची कथा हरवलेली नाही. ती इंग्रजीत आहे. हरवत चालले आहे ते मराठी. फँटमला मराठीत 'वेताळ' म्हटले गेले. हे नाव सुचले तेव्हा विक्रम-वेताळाची गोष्ट 'चांदोबा'च्या वाचकांना परिचित होतीच. पण त्याखाली आणखी एक थर आहे. कोकणात वेताळ हा भुतांचा अधिपती, गावाचा राखणदार. आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावाभोवती फिरतो अशी श्रद्धा आहे. पिढ्यान्‌पिढ्या न मरणारा, जंगलात फिरून दुर्बळांचे रक्षण करणारा अमेरिकन नायक या नावात इतका सहज बसतो की तो आयात केलेला वाटत नाही. याउलट स्थलनामांत जाणीवपूर्वक दुरावा राखला गेला. मूळ कथेतील बंगालशी नाते सांगणारे नाव भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून 'डेंकाली' झाले. सिंग चाच्यांचे 'सिंगा' झाले. इंग्रजीत जे पौर्वात्य आणि दूरचे होते ते येथे जवळचे ठरले असते, म्हणून त्याला आणखी दूर ढकलले गेले. वासाहतिक कल्पनाविश्व उलट दिशेने वाचण्याचा हा केवढा मोठा नमुना आहे! आणि तो घडवणाऱ्या मराठी भाषांतरकारांची नावे आपल्या भाषांतराच्या इतिहासात कोठेही नाहीत. लहानशा फुग्यात मावेल एवढे वाक्य, आरोळीचे आणि ठोशाचे मराठी ध्वनिशब्द, आदिवासींच्या तोंडी घातलेली मराठी: या साऱ्याचा अभ्यास अंकांची सलग मालिका समोर असल्याखेरीज होऊ शकत नाही.

सलग मालिका आज असली तर ती खाजगी संग्राहकांकडे आहे, आणि त्यांच्याविषयी समीक्षकांनी नाके मुरडण्यात अर्थ नाही. संग्रहालयांनी जे केले नाही ते त्यांनी स्वतःच्या खिशातून केले. तथापि त्यांची मूल्यव्यवस्था वेगळी आहे हे विसरता येत नाही. अमेरिकेत २००० पासून प्रतींना दर्जाचे गुण देऊन त्या पारदर्शक आवरणात कायमच्या बंद करण्याची पद्धत रूढ झाली. सर्वांत मोलाची प्रत ती, जी कोणी वाचलेली नाही आणि यापुढेही वाचता येणार नाही. केवळ साठवण्यासाठी अंक घेण्याचे वेड तेथे नव्वदच्या दशकाच्या आरंभी शिगेला पोचले. 'सुपरमॅन'च्या मृत्यूचा १९९२ चा अंक लोकांनी आवरण न उघडता जपून ठेवला. लक्षावधी लोकांनी जपल्यामुळेच तो कधी दुर्मिळ होऊ शकला नाही. बाजार कोसळला आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हल कंपनीला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. आपल्याकडेही 'इंद्रजाल'चे भाव चढू लागले आहेत, आणि त्यांबरोबर कोऱ्या प्रतीची आस येत आहे. वाचनाच्या इतिहासकाराला मात्र नेमकी दुसरी प्रत हवी असते: जिच्यावर भाड्याच्या वाचनालयाचा शिक्का आहे, मालक मुलाने गिरवलेले नाव आहे, पुढल्या मुलाने ते खोडून आपले घातलेले आहे.

अशी एक प्रत, किंबहुना बांधीव खंडच, दारव्ह्यातील एका परिचितांच्या घरी मला पाहावयास मिळाला. पंधरा मराठी अंक कापडी पुठ्ठ्यात शिवलेले आहेत. शिवताना बाइंडरने जाडी कमी करण्यासाठी सारी मुखपृष्ठे काढून टाकली आणि कडा सारख्या करताना पानांच्या वरच्या ओळी थोड्या कापल्या. अंकाचा क्रमांक मुखपृष्ठावर असे. म्हणजे हे पंधरा अंक कोणते, हे आता इंग्रजी मालिकेशी कथा ताडूनच ठरवावे लागते. संग्राहकाच्या लेखी या खंडाला काहीच किंमत नाही. आतापर्यंत त्यांतील नऊ अंकांची ओळख पटली आहे. उरलेल्या सहांपैकी दोन बहादूरचे आहेत, चार वेताळाचे.