रेंज नसली तरी टीव्हीवर व्हिडिओ : घरातल्या वायफायचा असाही उपयोग

वाडी-वस्तीवर रेंज कधी असते, कधी नसते. एचडी व्हिडिओला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वेग लागतो, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. या हिशोबाने रोजचा दीड जीबीचा पॅक ४० मिनिटांतच संपतो. तोच धडा मुलाने दुसऱ्यांदा पाहिला की डेटा परत तेवढाच जातो. घरात जुना लॅपटॉप आणि राउटर असेल तर हा खर्च एकदाच करून भागतं.

वायफाय वेगळं, नेट वेगळं
राउटर घरातली उपकरणं एकमेकांना जोडतो. बाहेरचं नेट हे त्याचं दुसरं काम. नेट बंद पडलं तरी लॅपटॉपमधला व्हिडिओ राउटरमार्फत टीव्हीवर जातो आणि त्याला एक एमबीही डेटा लागत नाही. युट्यूब मोबाइलवरून टीव्हीवर कास्ट केलं तर मात्र टीव्ही तो व्हिडिओ नेटवरूनच ओढतो.

काय करायचं?
१. तालुक्याच्या गावी, चांगली रेंज असेल तिथे लॅपटॉपवर 'जेलीफिन' हे मोफत सॉफ्टवेअर टाकून घ्यावं. त्याचं लॉगिन आपल्याच लॅपटॉपवर राहतं, त्यामुळे नंतर नेट लागत नाही.
२. लग्नाचे, कीर्तनाचे, अभ्यासाचे व्हिडिओ एका फोल्डरमध्ये ठेवून ते फोल्डर जेलीफिनला दाखवावं.
३. लॅपटॉप, टीव्ही आणि मोबाइल एकाच वायफायला जोडावेत. विंडोजमध्ये हे नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवावं.
४. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता, पुढे विसर्गचिन्ह आणि ८०९६ हा आकडा टाकला की सगळी यादी उघडते.

मोबाइलवर व्हीएलसी असेल आणि विंडोजमधलं 'मीडिया स्ट्रीमिंग' चालू केलं तर जेलीफिन नसतानाही काम होतं. राउटर नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून डेटा बंद ठेवावा. बाकीची उपकरणं त्यालाच जोडावीत.

अडकलं तर?
व्हिडिओ थांबत-थांबत चालत असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडावा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर कमी पडतं. लांबच्या खोलीत २.४ बरं. आवाज येतो पण चित्र नाही, असं झालं तर जुन्या टीव्हीला एच.२६५ प्रकारची फाइल झेपत नसावी. तीच फाइल एच.२६४ मध्ये करून घ्यावी. ओटीटी ॲपमध्ये डाउनलोड केलेले सिनेमे मात्र त्या ॲपबाहेर चालत नाहीत.

लाइट गेली तर?
टीव्ही बंद पडतो, पण लॅपटॉपला बॅटरी असते. राउटरला छोटा यूपीएस लावला की मोबाइलवर पाहणं चालू राहतं. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवून घ्यावा.

दुसरी प्रत हवीच
जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क कधीही बंद पडू शकते. लग्नाचं किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचं चित्रीकरण परत डाउनलोड करता येत नाही. त्याची प्रत पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या घरी ठेवावी. पेनड्राइव्ह ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नसेल तर तो 'एफएटी३२' मध्ये असतो. 'एक्सफॅट' मध्ये फॉरमॅट करावा, पण त्याआधी आतलं सगळं दुसरीकडे काढून घ्यावं.