अण्णांचा खो

दिल्लीत जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही अंतिम सामन्यांत भारताने नेपाळला हरवलं. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला, "आत्या, पणजोबा हाच खेळ शिकवायचे ना?" हो, हाच. फोनवर जमेल तेवढं सांगितलं, पण मन भरलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. घरच्या मंडळींना यातलं बरंचसं ठाऊक आहे, त्यांनी चालवून घ्यावं.

अण्णा, म्हणजे माझे आजोबा, सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात ड्रिलमास्तर होते. १९२५ च्या सुमारास लागले, १९५७ ला निवृत्त झाले आणि त्यानंतरही रोज संध्याकाळी मैदानावर जातच राहिले, बिनपगारी. ड्रिलमास्तर हा शब्द आता गेलाच. (पुढे पी.टी.चे सर झाले, मग शारीरिक शिक्षक.) शिक्षकांच्या खोलीत गणित-इंग्रजीवाल्यांचा मान वेगळा आणि ड्रिलमास्तरांचा वेगळा. त्यांचा तास म्हणजे कुठल्याही विषयाने उसना घ्यावा असा तास. मी स्वतः तीस वर्षं शिकवलं आहे. ही उसनवारी कधी फिटत नाही हे मला पक्कं माहीत आहे.

लहानपणी मला वाटायचं, खो-खो हा पांडवांच्या काळापासून असाच चालत आला असणार. तसं नाही. पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये त्याचे नियम बांधले आणि १९२४ मध्ये बडोद्याच्या जिमखान्याने नियम छापून काढले. इतिहासात ही नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. पण ते नियम तालुक्याच्या धुळीच्या मैदानावर फक्कीने आखले कोणी? अण्णांसारख्यांनी. खर्च काय, तर दोन लाकडी खांब आणि टोपलीभर फक्की. शाळेला तेवढंच परवडायचं.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आठ गडी मधल्या रेषेवर एकाआड एक उलटसुलट तोंडं करून बसतात. नववा पाठलाग करतो. त्याला मागे फिरता येत नाही, मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणारा पलीकडे गेला की बसलेल्या गड्याच्या पाठीला मागून हात लावायचा आणि मोठ्याने 'खो' म्हणायचं, मग तो उठतो आणि हा त्याच्या जागी बसतो. नुसतं तोंडाने म्हटलं तर फाउल. हात लागलाच पाहिजे.

आता हे १९३५-३६ च्या गावात ठेवून बघा.

मुंबई कायदे कौन्सिलात बोले यांचा ठराव १९२३ मध्येच मंजूर झाला होता. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा, विहिरी, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. कागदावर शाळा खुल्या झाल्या. आमच्या गावच्या हायस्कुलात गावकुसाबाहेरचा एक मुलगा आला. वर्गात दाराजवळ बसायचा, पाणी त्याच्या ओंजळीत वरून ओतायचे. तो वाऱ्यासारखा पळायचा. अण्णांनी त्याला संघात घेतलं.

चार-पाच पालक घरी आले. भांडायला नव्हे, समजुतीनेच आले होते म्हणे. मुलाला पळतीला ठेवा, बसवू नका, असं एकाचं म्हणणं. पण पळणाऱ्यालाही हात लावूनच बाद करायचं असतं! मग दुसऱ्याने सुचवलं, अगदी शेवटी खांबापाशी बसवा. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "नियमात तशी सोय नाही." समतेवर भाषण नाही, शास्त्राधार नाही. दोन मुलांना त्यांच्या वडिलांनी संघातून काढलं. त्यातला एक पंधरा दिवसांत आपणहून परत आला, कारण सामने जवळ आले होते!

हे अण्णांनी कधीच सांगितलं नाही. १९९४ मध्ये तो मुलगाच, म्हणजे तेव्हा सत्तरी ओलांडलेले निवृत्त पोस्टमास्तर, मला एका लग्नात भेटले. त्यांनीच सांगितलं. आणि पुढचंही सांगितलं, कसलाही आवाज न चढवता. सामना जिंकला की आजी सगळ्या संघाला आमच्या ओसरीवर पोहे द्यायची. यांचे पोहे पत्रावळीवर, अंगणात. अण्णा मैदानावरून आले की विहिरीवर अंघोळ करून, धोतर बदलून मगच आत जायचे. "मैदानावर शिवायचं, ओसरीवर नाही," ते म्हणाले आणि हसले. मला काही हसता आलं नाही.

तेव्हापासून मी याचा विचार करते आहे. आजीचं सोवळं कडक होतं, हे खरं. पण पत्रावळ अंगणात ठेवली जाताना अण्णा ओसरीवरच असायचे. 'काळच तसा होता' असं आमच्या घरात म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच जिल्ह्यात, साताऱ्यात, भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगात १९२४ पासून सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत होती, एकत्र जेवत होती. अण्णा संघ घेऊन साताऱ्याला जायचे, त्यांना हे माहीत नसणार कसं? माणूस फक्कीच्या रेषेच्या आत एक आणि बाहेर एक असू शकतो. माझे लाडके आजोबा तसे होते. पोस्टमास्तरांनी मात्र त्यांच्याबद्दल बोलताना एकदाही 'ड्रिलमास्तर' म्हटलं नाही, दर वेळी 'माझे सर' म्हणाले.

असो. मुलींचं थोडं सांगते. १९६०-६१ साली कोल्हापूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि साठी उलटलेल्या अण्णांनी मुलींचा संघ काढला. मी आठवीत. वर्षभर त्यांनी मला राखीव ठेवलं, नातीला घेतलं असं कोणी म्हणू नये म्हणून. पुढच्या वर्षी घेतलं ते माझी हूल चांगली होती म्हणून. हे त्यांनी मला नाही, आईला सांगितलं. अचला देवरे यांना १९७१ चा अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोमधल्या पहिल्या महिला त्या. अण्णांनी ते कात्रण खिशात ठेवून गावभर दाखवलं. १९७३ मध्ये ते गेले.

आता नातेवाइकांना एक विनंती. १९३६ च्या संघाचा एक फोटो होता. पुढे मुलं बसलेली, मागे खुर्च्यांवर हेडमास्तर आणि कमिटीची मंडळी, कडेला अण्णा उभे. आमच्याकडची प्रत वाळवीने खाल्ली. पाठीमागे मुलांची नावं अण्णांच्या अक्षरात होती, पोस्टमास्तरांचंही. कोणाच्या ट्रंकेत दुसरी प्रत असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करून पाठवा.