ग्रंथाची पारख आणि छपाईचा खर्च

मराठी ग्रंथाबद्दल तोंडावर सांगितलेला रोखठोक अभिप्राय लिखित स्वरूपात सापडतो, तो महानुभाव पंथात. चौदाव्या शतकाच्या आरंभी भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपालवध’ हे काव्य रचले. पंथातल्या ज्येष्ठाने ते वाचले आणि सांगितले की ग्रंथ उत्तम उतरला आहे, पण संसारात रमणाऱ्यांच्या कामाचा आहे. विरक्ताच्या उपयोगाचा नाही. भास्करभट्टांनी वाद घातला नाही, रुसूनही बसले नाहीत. ते पुन्हा लिहायला बसले आणि भागवताच्या एकादश स्कंधावरची ‘उद्धवगीता’ सिद्ध झाली. त्याच पंथात केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. पंथप्रवर्तक चक्रधरांनी सांगितलेले संस्कृतात गेले तर पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, अशी त्यांची हरकत होती. दोन्ही प्रसंगांत ग्रंथाची किंमत त्याच्या पांडित्यावर किंवा सौंदर्यावर ठरली नाही. हा ग्रंथ कोणाच्या उपयोगी पडणार, एवढाच प्रश्न विचारला गेला. ग्रंथपरीक्षणाची ही मराठीतली सर्वांत जुनी कसोटी, आणि ती आजही जुनी झालेली नाही.

हस्तलिखितांच्या काळात ग्रंथावरचा खरा निकाल नकलाकाराच्या हाती असे. ज्याच्या नकला होत राहिल्या तो ग्रंथ जगला. ज्याच्या झाल्या नाहीत तो गेला. नकला जितक्या जास्त, तितकी भेसळही जास्त. ज्ञानेश्वरीत एवढे पाठभेद आणि एवढ्या उपऱ्या ओव्या शिरल्या होत्या की एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, जुन्या प्रती मिळवून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे कोणी तिच्यात स्वतःची ओवी घुसडू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. तुकोबांच्या वाट्याला याहून कठोर निकाल आला. वेदाचा अर्थ मराठीत सांगण्याचा अधिकार नसताना तो सांगितला, या आक्षेपावरून त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. अभंग मात्र टाळकऱ्यांच्या तोंडी आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्यांच्या वह्यांत राहिले. पुढे १८६९ ते १८७३ या काळात मुंबई सरकारच्या मदतीने विष्णुशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिलेली गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडली. त्या कामासाठी सरकारने २४ हजार रुपये मंजूर केले होते.

छपाई आली तेव्हा पहिला वाद मजकुराचा नव्हता, शाईचा होता. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शाईत जनावरांची चरबी असते म्हणून अनेक सनातनी लोक छापील कागदाला हातही लावत नसत. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई तयार करून या आक्षेपाला उत्तर दिले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात या हिकमती मुद्रकाची हकिकत आस्थेने दिली आहे. औपचारिक शिक्षण बेताचे असलेल्या या माणसाने यंत्र, शाई आणि खिळे स्वतः प्रयोग करून जमवले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात त्यांना जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे आजही मिळालेले नाही.

यानंतर पारख करणारा आणि पैसा देणारा एकच झाला. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात ती रक्कम हळूहळू कमी होत गेली. पुण्यातल्या सुधारकी तरुणांनी १८४९ मध्ये अर्ज केला, की यातला काही पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना मिळावा. पुण्यातल्या शास्त्रीमंडळींचा या अर्जाला कडवा विरोध होता. तरी दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि व्याकरण, गणित, इतिहास, भाषांतरे अशा पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली. मराठी गद्याच्या घडणीत या कमिटीचा वाटा मोठा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पण काय छापण्याजोगे आणि काय नाही, हे ठरवणारी माणसे एका लहानशा वर्तुळातली होती. त्या वर्तुळाबाहेरून आलेल्या लेखकाचे काय होते, ते लवकरच दिसून आले.

जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून या कमिटीकडे पाठवले. एका कुणबी जोडप्याला जोशी ग्रहदशेची भीती घालून कसा नागवतो आणि ते जोडपे शेवटी शिकायला कसे निघते, असा त्याचा विषय. कमिटीने नाटक नाकारले. युरोपीय सभासदांचे ब्राह्मण सभासदांपुढे काही चालले नाही, असे कारण फुल्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नोंदवले. हे नाटक पहिल्यांदा छापून आले ते १९७९ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी.

फुल्यांनी त्या नकारातून घ्यायचा तो धडा घेतला. १८६९ चा शिवाजीराजांचा पवाडा असो की १८७३ ची ‘गुलामगिरी’, कमिटीच्या पसंतीची वाट त्यांनी पुन्हा पाहिली नाही. ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलेली आहे. तिच्यातला पुराणांचा निवाडा तर आजही वाचणाऱ्याला दचकवतो: अवतारांच्या कथा म्हणजे जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांविषयी रचलेल्या कहाण्या, असे फुले एकेक अवतार घेऊन सांगत जातात. धर्मग्रंथाकडे इतिहासातला एक पक्षकार म्हणून पाहण्याचे असे धाडस तोवर मराठीत इतक्या उघडपणे कोणी केलेले नव्हते. स्वतःचा पैसा आणि स्वतःचा वाचक असल्याशिवाय असले पुस्तक निघूच शकत नाही. नंतर ‘शेतकऱ्याचा असूड’ फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतल्याच ‘दीनबंधू’ पत्रात येऊ लागले, तेव्हा पहिली काही प्रकरणे छापून संपादक थांबले, आणि पूर्ण पुस्तक फुल्यांच्या हयातीत छापून झाले नाही. आपल्या माणसांचा छापखानाही शेवटी दुसऱ्याचाच असतो.

‘गुलामगिरी’चे सर्वांत गाजलेले परीक्षण लिहिले विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ ते १८८१ या काळात त्यांनी ‘निबंधमाला’ या मासिक पुस्तकाचे ८४ अंक काढले आणि बहुतेक मजकूर एकट्याने लिहिला. मराठीत ग्रंथपरीक्षणाला दरारा मिळवून दिला तो त्यांनीच. पुस्तकाची भलामण करून मोकळे व्हायचे, ही पद्धत त्यांनी मोडली. लोकहितवादींना त्यांनी सोडले नाही, दयानंदांना सोडले नाही. फुल्यांच्या बाबतीत मात्र ही परीक्षा फसली. व्याकरणाच्या चुका, भाषेचा ओबडधोबडपणा, लेखकाची विद्वत्ता यांवर त्यांनी पानेच्या पाने खर्च केली. ग्रंथाने उभा केलेला प्रश्न, म्हणजे बहुजनांना विद्येपासून कोणी आणि का दूर ठेवले, त्याला त्यांनी सरळ उत्तर दिले नाही. एवढ्या ताकदीच्या टीकाकाराचा हा मोठा अपुरेपणा आहे, आणि त्याची किंमत मराठी समीक्षेने पुढे पुष्कळ वर्षे मोजली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ‘निबंधमाला’ही स्वतःच्याच हिमतीवर निघालेली होती. सरकारी शाळेतली नोकरी सांभाळून चिपळूणकरांनी ती सुरू केली आणि पुढे नोकरी सोडून शाळा, छापखाना, चित्रशाळा, पुस्तकांचे दुकान असा सगळा पसारा उभा केला. मते ठाम असतील तर छपाईची साधने स्वतःच्या हाती हवीत, हे फुले आणि चिपळूणकर या दोन विरोधकांना सारखेच कळले होते.

न्यायमूर्ती रानडे यांना ही विखुरलेली लेखकमंडळी एकत्र आणायची होती. १८७८ मध्ये लोकहितवादींच्या साथीने त्यांनी पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. आजचे साहित्य संमेलन आपला आरंभ तिथूनच मोजते. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण फुल्यांना गेले. त्यांनी यायला नकार दिला आणि कारणे पत्राने कळवली. जे ग्रंथकार सर्व माणसांचे हक्क मनापासून मान्य करत नाहीत, त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आपले विचार आपल्या ग्रंथांत आपणच मांडू, असेही त्यांनी बजावले. साहित्यसंस्थांपासून दूर राहणाऱ्या प्रत्येक पिढीने पुढे या पत्राचा आधार घेतला आहे.

याच काळात बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ती १८८२ मध्ये पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापली गेली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरचा भ्रूणहत्येचा खटला हे तिचे निमित्त, पण पुस्तकाचा बराचसा भाग ग्रंथांच्या झाडाझडतीचा आहे. ताराबाई शास्त्रांना जाब विचारतात, पुराणांतल्या देवादिकांना आणि ऋषींना विचारतात, आणि तेवढ्याच तडफेने ताज्या मराठी कादंबऱ्या-नाटकांनाही विचारतात. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ तेव्हा नावाजलेली होती. अशा पुस्तकांतल्या बायका आणि प्रत्यक्ष घरातल्या बायका यांत काय साम्य आहे, असा त्यांचा सवाल आहे. पुरुषांनी रचलेले स्त्रीचरित्र बाईने तपासायला घेतल्याचे इतके धारदार उदाहरण त्या काळात दुसरे नाही. पुस्तकावर टीका झाली. फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी दुसरे पुस्तक छापल्याचे आढळत नाही आणि त्यांचे नावही विस्मरणात गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुस्तक शोधून पुन्हा छापले, तेव्हा मराठी वाचकाला ते जवळजवळ नव्याने कळले.

धर्मग्रंथाच्या किमतीबद्दलचा सर्वांत गाजलेला निकाल २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला लागला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी भरलेल्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला, पां. ना. राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिले, आणि रात्री मंडपापुढच्या खड्ड्यात ग्रंथाचे दहन झाले. ठराव मांडणारे जन्माने ब्राह्मण होते. एक जुने पुस्तक जाळून काय साधले, या आक्षेपाला डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’मधून उत्तर दिले: परदेशी कापडाची होळी करून जे साधते तेच. पण या प्रसंगाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. ज्या माणसाच्या नेतृत्वाखाली हा ग्रंथ जाळला गेला, त्यानेच तो इतरांपेक्षा बारकाईने वाचला होता. १९४६ च्या शूद्रांवरील इंग्रजी ग्रंथातही त्यांनी मनूची वचने उद्धृत करून तपासली आहेत. पुस्तके मावावीत असे घर हवे म्हणून दादरला ‘राजगृह’ बांधणाऱ्या माणसाचा तो निकाल होता, म्हणून त्याला वजन आहे.

स्वातंत्र्यानंतर मासिके आणि प्रकाशनगृहे स्थिरावली आणि पारख करण्याचा अधिकार संपादकांकडे गेला. ‘सत्यकथा’ने काटेकोर संपादनाने नवकथा आणि नवकविता घडवली, हे तिचे विरोधकही नाकारत नाहीत. तरी दाराबाहेर राहिलेल्यांची संख्या वाढत गेली. १९५५ च्या सुमारास दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले. पुढे ‘असो’, ‘वाचा’ आणि इतर कितीतरी निघाली. पदरचे पैसे, मित्रांची मदत आणि अंक निघेल तेव्हा निघेल, असा तो कारभार. अशोक शहाणे यांचा ‘आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष किरण’ हा लेख १९६३ मध्ये आला आणि नावाजलेल्या लेखकांची एक अख्खी रांग त्याने निकालात काढली. लेखकाचा लेखकराव का होतो, हा भालचंद्र नेमाड्यांचा प्रश्न त्याच दशकातला. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या साथीदारांनी ‘सत्यकथे’चा अंक जाहीरपणे जाळला. शहाण्यांचे मोठेपण असे की ते बोलून थांबले नाहीत. त्यांनी ‘प्रास प्रकाशन’ चालवले, खिळ्यांपासून कागदापर्यंत लक्ष घातले आणि १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढल्या. त्याच सुमारास ‘ग्रंथाली’ने वाचकांकडून आगाऊ पैसे गोळा करून पुस्तके छापण्याचा मार्ग धरला, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये त्याच मार्गाने आले.

आज संगणकावर जुळणी होते, हव्या तेवढ्याच प्रती छापता येतात, आणि लेखकाकडून खर्च घेऊन पुस्तक काढणे हा अनेक प्रकाशकांचा नित्याचा व्यवहार झाला आहे. नवलेखकांना राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनुदानही मिळते. छापण्याची अडचण जवळपास संपली, पण वाचून स्पष्ट सांगणारा माणूस दुर्मीळ झाला. प्रकाशन समारंभातली भाषणे आणि भिडेखातर लिहिलेल्या प्रस्तावना यांना पारख म्हणता येत नाही. स्वखर्चाने निघालेली बहुतेक पुस्तके सुमार असतात, हे खरेच आहे. ‘गुलामगिरी’च्या काळातही ती तशीच होती. यांतले टिकाऊ कोणते, हे मात्र त्या वर्षी कळत नाही, आणि ‘स्त्री-पुरुष तुलना’ परत मिळाली ती तिची प्रत कुठेतरी जपली गेली म्हणून.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची १९४३ मध्ये प्रसिद्ध केली आणि १९६१ मध्ये ती १९५० पर्यंत आणली. चांगले-वाईट असा भेद न करता त्यांनी मिळेल त्या पुस्तकाची नोंद घेतली. १९५४ च्या कायद्याने प्रकाशित पुस्तकाच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना देणे बंधनकारक आहे; त्यांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालयही. पुस्तक लेखकाने स्वतः काढले असेल तर ही जबाबदारी त्याचीच ठरते. आपल्या पुस्तकावर कोण काय म्हणेल ते म्हणो, त्याची प्रत तिथे पोहोचती करावी.