१६८ तासांचा हिशेब

मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला यंत्र जगवते, असे आपण सहज बोलून जातो. हे अर्धेच खरे आहे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. कोणतेही काम आले की आधी तास मोजतो. आठवड्याचे तास १६८. डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास होते. म्हणजे १२ तास. उरलेल्या १५६ तासांची पाळी रोग्याने आणि त्याच्या घराने करावयाची असते.

नेदरलँडमध्ये जर्मन फौजांचा अंमल असताना, १९४३ साली, डॉ. विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळ्या वापरून हे यंत्र उभे केले. परंतु दर खेपेस नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, त्यामुळे आधार मिळे तो थोड्या दिवसांचा. १९६० च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोग्याच्या हातात कायमची नळी बसवून ही अडचण दूर केली. त्यांचा पहिला रोगी क्लाइड शील्ड्स हा विमानाच्या कारखान्यातला कामगार होता. त्याचा रक्तदाब भलताच वाढला, तेव्हा साचलेले पाणी यंत्राने काढून आणि जेवणातले मीठ तोडून तो आटोक्यात आणला गेला. शील्ड्स पुढे ११ वर्षे जगला.

या इतिहासातला धडा मिठाचा आहे. तहान निग्रहाने जिंकावी, असे समजून घरची माणसे पाण्याचा तांब्या लपवतात. परंतु शरीरातील रस लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मिठाइतके खारट असतात. तेवढे मीठ पोटात गेले की शरीर लिटरभर पाणी मागणारच, आणि लघवी आटलेली असली की ते अंगात साचून सूज येते, धाप लागते, हृदयावर भार पडतो. आमचा रायगडचा किनारा मिठागरांचा आणि खारवलेल्या मासळीचा. पापड-लोणचे पानात वाढून ‘पाणी पिऊ नको’ म्हणणे, म्हणजे मजुरी कापून मजुराला काटकसर शिकवणे होय.

पाण्याचे माप डॉक्टर ठरवतात. बहुधा दिवसाच्या लघवीइतके आणि वर अर्धा लिटर. चहा, ताक, पेज, कालवण हे सारे त्यातच धरावयाचे. अंगात साचलेले एक लिटर पाणी काट्यावर एक किलो भरते, म्हणून रोज वजन करावे. आजाऱ्याला शहाळे नेण्याची आपली रीत येथे घातक ठरते. त्यातल्या पोटॅशियमने हृदय बंद पडू शकते.

रेल्वे कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे एके काळचे अध्यक्ष जयप्रकाश नारायण १९७५ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले. तेथपासून ८ ऑक्टोबर १९७९ रोजी देहावसान होईपर्यंत ते डायलिसिसवर होते. त्यांच्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी दिली. पंतप्रधानांच्या निधीतून आलेली रक्कम त्यांनी स्वीकारली नाही. याच अवस्थेत १९७७ साली त्यांनी जनता पक्षाच्या उभारणीत पुढाकार घेतला.

आज गरिबांस जिल्हा रुग्णालयात मोफत डायलिसिस मिळावे, यासाठी २०१६ पासून राष्ट्रीय योजना आहे. ते १२ तास समाजाने द्यावेत, हा आमचा हक्क. उरलेले १५६ मात्र कोणतेही सरकार देऊ शकत नाही. अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकरी संप १९३३ पासून १९३९ पर्यंत टिकला, तो गावे एकत्र राहिली म्हणून. घरानेही तसेच राहावे. एकाच चुलीवर सर्वांचे कमी मिठाचे शिजवावे. ज्याला अधिक हवे, त्याने वरून घ्यावे. रोग्याला एकट्याला संपावर बसवू नये.