दिनविशेष : १९ सप्टेंबर १९७६ – चीवर नेसून परतलेला हुकूमशहा

थायलंडचे पदच्युत लष्करशहा फील्ड मार्शल थनोम कित्तिकाचोर्न १९७६ मध्ये आजच्या दिवशी श्रामणेराच्या (नवशिक्या बौद्ध भिक्षूच्या) वेशात सिंगापूरहून बँकॉकला उतरले आणि त्याच दिवशी राजघराण्याशी निकटचा संबंध असलेल्या वाट बोवोर्ननिवेत विहारात त्यांनी उपसंपदा (पूर्ण भिक्षुदीक्षा) घेतली. ऑक्टोबर १९७३ च्या विद्यार्थी उठावाने त्यांना देशाबाहेर घालवले होते. आजारी वडिलांना भेटायचे, हे परतण्याचे कारण सांगितले गेले.

थायलंडमध्ये काही काळ भिक्षू होणे ही पुरुषांची जुनी, आदराची रीत. चीवरधारी माणसाला हात कोण लावणार? त्या श्रद्धेचीच इथे ढाल झाली. थनोम यांच्या परतण्याच्या निषेधाची भित्तिपत्रके लावणाऱ्या दोन वीज कामगारांना नाखोन पाथोममध्ये मारून फासावर लटकवण्यात आले. त्यांच्यासाठी न्याय मागणाऱ्या थम्मासात विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर ६ ऑक्टोबरला पोलीस आणि उजव्या टोळ्या तुटून पडल्या. सरकारी आकडा ४६ मृतांचा. प्रत्यक्षात बळी याहून अधिक होते, असे अनेक अभ्यासक मानतात. संध्याकाळी लष्कराने सत्ता घेतली.

थनोम यांनी पुढे चीवर उतरवले. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या हत्याकांडाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.