मालगुडीचा पत्ता

बदलीच्या नोकरीत माणसाला एक प्रश्न जन्मभर पुरतो. नव्या गावी घर पाहावयास गेलो की घरमालक विचारतो, मुलाला शाळेत घालावयास गेलो की शिक्षक विचारतात, "आपले मूळ गाव कोणते?" आपण एक नाव सांगतो. त्या गावी आपले घर उरलेले नसते, वाट्याला आलेली जमीन चुलत्यांच्या ताब्यात असते आणि ग्रामदैवताच्या जत्रेची तिथीही आठवत नाही. तरीही नाव सांगतो, कारण रकाना रिकामा ठेवता येत नाही.

माझे वडील रेल्वे डाक सेवेत सॉर्टर होते. हुबळी-बेळगावकडच्या गाड्यांतून रात्ररात्र उभे राहून पत्रे वेगळी करण्याचे त्यांचे काम. त्यांच्या बदल्यांबरोबर आमच्या शाळा बदलत, शेजारी बदलत, घराबाहेर बोलावयाची भाषाही बदले. एक गाव मात्र प्रत्येक ठिकाणी तेच राहिले. दूरदर्शनच्या पडद्यावरील मालगुडी हे ते गाव. मालिका पहिल्याने दाखवली गेली १९८६ मध्ये. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला ती पुढे पुनःप्रक्षेपणात भेटली. शब्द नसलेली ती धून सुरू झाली की एरवी धाकात ठेवणारे अण्णा आम्हां भावंडांशेजारी सतरंजीवर येऊन बसत. स्वामीच्या वडिलांची कडक मुद्रा दिसली की आम्ही चोरून अण्णांकडे पाहत असू.

त्यामुळे पुढे माझी बदली शिवमोग्याला झाली, आणि जेथे ही मालिका चित्रित झाली ते आगुंबे त्याच जिल्ह्यात असल्याचे कळले, तेव्हा मी सामान सोडवण्यापूर्वीच बसची वेळ विचारून आलो. त्या वर्षात मी आगुंब्याला तीनदा गेलो, आणि चौथी फेरी दुसऱ्याच दिशेला झाली. त्या फेऱ्यांचा आणि त्यांच्या निमित्ताने कळलेल्या इतिहासाचा हा वृत्तांत आहे.

पहिली फेरी आषाढातली. तीर्थहळ्ळी सोडल्यावर रस्ता अरण्यात शिरतो. आगुंबे समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच, पश्चिम घाटाच्या अगदी कडेवर आहे. वर्षाकाठी तेथे सुमारे ७,५०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि लोक त्या गावाला दक्षिणेचे चेरापुंजी म्हणतात. मी उतरलो तेव्हा चार हातांवरचे दिसत नव्हते. चपलेत जळू शिरलेली परतल्यावरच कळली. कथांतला सर फ्रेडरिक लॉलीचा अश्वारूढ पुतळा चौकात कोठेच नव्हता. शरयू नदी नव्हती, आल्बर्ट मिशन शाळा नव्हती. चहावाल्याला मालगुडी विचारताच त्याने समोरच्या धुक्याकडे हात केला आणि तो हसला. मी हिरमुसून परतलो.

परंतु ही निराशा मुळात अज्ञानातून आलेली होती. आर. के. नारायण यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे की, १९३० सालच्या विजयादशमीला, आजीने काढून दिलेल्या मुहूर्तावर, ते नवी वही घेऊन लिहावयास बसले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम एक छोटे रेल्वे स्टेशन आले. गाव त्या स्टेशनामागून आले. 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ नारायण त्याच गावाविषयी लिहीत राहिले. ते राहत म्हैसूरला. पण मालगुडी म्हणजे म्हैसूर, असे त्यांनी कधी कबूल केले नाही. ज्या गावाला नकाशा नाही त्याला पत्ता कोठून असणार?

तो पत्ता देण्याचा एक गाजलेला प्रयत्न त्यांच्या मनाविरुद्ध झाला. 'द गाइड' या कादंबरीला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९६५ मध्ये तिच्यावरचा चित्रपट आला. नारायण यांनी निर्मात्यांना म्हैसूरच्या परिसरातील आपल्या मनातली स्थळे हिंडून दाखवली होती. चित्रण मात्र झाले राजस्थानात. मालगुडी आम्ही नेऊ तेथे असेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. पुढे त्यांनी त्या अनुभवावर एक मिस्कील लेख लिहिला. त्या हसण्याखाली एका ग्रामस्थाचे दुःख आहे: आपले गाव आपल्याला न विचारता दुसरीकडे हलवले गेले! बदलीचा हुकूम हाती पडलेल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरा प्रयत्न शंकर नाग यांचा. त्यांचा जन्म १९५४ चा, उत्तर कन्नड जिल्ह्यातला. पण नाटकाचे शिक्षण त्यांना मुंबईच्या रंगभूमीवर मिळाले, आणि त्यात मराठी रंगभूमीचा वाटा मोठा होता. चापेकर बंधूंवरील '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा हात होता. टी. एस. नरसिंहन यांच्या निर्मितीत त्यांनी 'मालगुडी डेज'चे ३९ भाग केले. कलादिग्दर्शन जॉन देवराज यांचे, संगीत एल. वैद्यनाथन यांचे. स्वामी झाला मंजुनाथ, त्याचे वडील झाले गिरीश कार्नाड, मिठाईवाला जगन झाले थोरले बंधू अनंत नाग. चित्रे काढली नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांनी, मुंबईत बसून रोज सकाळी सामान्य माणसाला आपल्या भेटीस पाठवणारे तेच लक्ष्मण. एका भावाने कल्पिलेले गाव दुसऱ्या भावाच्या रेषांतून घरोघर गेले.

दुसऱ्या फेरीला मार्गशीर्ष होता आणि आकाश निवळलेले होते. त्या वेळी मी दोड्डमने पाहिले. दोड्डमने म्हणजे मोठे घर. शंभर वर्षांहून जुने. गुळगुळीत लाकडी खांब, मध्ये चौक, वर कौले. मालिकेतील स्वामीचे घर ते हेच. येणाऱ्याजाणाऱ्याला तेथे आश्रय मिळतो. मी ओसरीवर टेकलो तोच कषायाचा पेला पुढे आला, आणि घरच्या वृद्ध बाईंनी कानडीत विचारले, "निम्म ऊरु यावुदु?" पुन्हा तोच प्रश्न! मी माण तालुक्यातले नाव सांगितले. त्यांनी मान हलवली; पुढे काही विचारले नाही. त्या घरात मालिकेचे कौतुक आहे, पण तिचे ओझे नाही. चित्रणाची मंडळी आली, राहिली, गेली. घर त्यांच्या आधीही होते. पडद्यावरच्या गर्दीत आपली माणसे होती, हे मात्र गावकरी अजून अभिमानाने सांगतात.

चैत्रातल्या तिसऱ्या फेरीत मी वाटेवरच्या कुप्पळीला उतरलो. कुवेंपूंचे बालपण ज्या घरात गेले ते घर तेथे जतन करून ठेवले आहे. या अरण्याचे, या पावसाचे आणि येथल्या माणसांचे खरे कादंबरीकार तेच. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'मलेगळल्लि मदुमगळु' ही त्यांची कादंबरी याच मलनाडाची आहे. मला त्या दिवशी थोडी लाज वाटली. दहा महिने मी या प्रदेशात राहत होतो आणि त्याच्यात दुसऱ्याच, नसलेल्या गावाला शोधत होतो. बदलीच्या गावी आपण पुष्कळदा असेच राहतो. त्या संध्याकाळी आगुंब्याच्या कड्यावरून मावळता सूर्य पाहताना मालगुडीची आठवण मला प्रथमच झाली नाही.

चौथ्या फेरीस अण्णा बरोबर होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात. अलीकडे त्यांना नावे आठवत नाहीत. कधी नातीला बहिणीच्या नावाने हाक मारतात. आगुंब्याचा घाट त्यांना सोसला नसता, म्हणून मी त्यांना अरसाळूला नेले. आगुंब्याला रेल्वे नाही. तेव्हा मालिकेतले मालगुडी स्टेशन शिवमोगा-ताळगुप्पा मार्गावरच्या या लहानशा स्टेशनात उभे करण्यात आले होते. तो मार्ग आता रुंद झाला आहे आणि जुन्या इमारतीचे २०२० मध्ये मालगुडी संग्रहालय करण्यात आले. शेजारी मीटर गेजचा एक जुना डबा ठेवलेला आहे.

संग्रहालयातील चित्रांकडे अण्णांनी फारसे पाहिले नाही. स्वामी कोण, हेही त्यांना आठवले नाही. ते डब्यापाशी गेले, वाकून चाके पाहिली, मग दाराच्या दांड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "इथे आमची गाडी दोन मिनिटं थांबली असती. एक थैली उतरली असती, एक चढली असती." आणि त्यांनी हुबळीपासूनची स्टेशने क्रमाने म्हणण्यास सुरुवात केली. एकही चुकले नाही.

शंकर नाग १९९० मध्ये, ३५ व्या वर्षी, दावणगेऱ्याजवळ मोटार अपघातात गेले. नारायण २००१ मध्ये गेले, लक्ष्मण २०१५ मध्ये पुण्यास. त्यांचे गाव ज्या स्टेशनापासून सुरू झाले, तेथे मी वर्षाच्या अखेरीस पोहोचलो, तेही वडिलांच्या प्रकृतीमुळे. तेथे मला एवढेच उमगले की, माणसाचे गाव त्याने ज्यावर श्रम केले त्यात असते. नारायण यांचे ते वहीत होते, नाग यांचे आगुंब्याच्या चिखलात, अण्णांचे त्या धावत्या डब्यात.

परत येताना गाडीत शेजारच्या गृहस्थांनी अण्णांना विचारले, "आपले मूळ गाव?" मी सवयीने उत्तर देण्यास तोंड उघडले होते. अण्णा खिडकीबाहेर पाहत अजून स्टेशने मोजत होते. मी त्यांना मोजू दिले.